काटा खाली का सरकतो

२ नोव्हेंबर

ती. मामांना,
टाचणीचा नमस्कार.

लहानपणी तुम्ही ठेवलेलं नाव आज मुद्दाम लिहिलंय, कारण काम काढून घ्यायचं आहे.

आईच्या पोटातली गाठ काढल्याचं कळवलं होतंच. आता डॉक्टर म्हणतात, सहा गुरुवार नसेतून औषध चढवायचं. सहाच्या सहा झाले तर गाठ पुन्हा डोकं वर काढणार नाही. मध्ये खंड पडला तर आधीचंही सगळं पाण्यात. पहिला गुरुवार येत्या बारा तारखेला.

रुग्णालय घरापासून एकशे पाच किलोमीटरवर आहे. पेट्रोलच्या टंचाईने बसच्या फेऱ्या महिनाभर बंद आहेत. गाडीमागे आठवड्याला वीस लिटर, कार्डावर शिक्का मारून. वर थेंब मिळत नाही. तुम्ही आईला दिलेली करडी गाडी माझ्या हातात लिटरला साडेनऊ जाते. म्हणजे एकशे नव्वद. जाऊन-येऊन लागतात दोनशे दहा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी दिवसभर नकाशे काढते, तिथे वीस किलोमीटर म्हणजे कागदावर चार बोटं. पण ती चार बोटं आईला पाठीवर घेऊन चालता येणार नाहीत. तिकडेच खोली घेऊन राहावं तर माझी नोकरी जाईल, आणि आईला परक्या घरात घास उतरत नाही, हे तुम्ही जाणताच.

तुम्ही नेहमी म्हणता, गाडी तुमच्याशी बोलते. तिला विचारून सांगा, लिटरला साडेदहा द्यायचं काय घेशील बाई?

तुमची,
टाचणी


६ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा मी स्वतः चष्मा लावून वाचलं. अक्काची गाडी अक्काला पोचवणार नाही, असं होईल का? सोबतचं पार्सल उघड. आत घड्याळासारखं दिसतंय ते घड्याळ नव्हे. वेळ बघायला गेलीस तर जन्मभर कचेरीत उशिरा पोचशील. त्याला म्हणतात व्हॅक्यूम गेज.

इंजिन हवा ओढतं. तू पाय दाबलास की झडप उघडते आणि हवेबरोबर पेट्रोलही आत धावतं. पाय हलका असला की झडप जेमतेम किलकिली राहते, इंजिनाला ओढून ओढून श्वास घ्यावा लागतो आणि नळीत पोकळी तयार होते. ती पोकळी हा काटा मोजतो. काटा वर तर पेट्रोल वाचतंय, काटा खाली तर पेट्रोल चाललं. एवढंच शास्त्र. ह्यावर मी तीस वर्षं दोन वेळचं जेवतोय.

रबरी नळी कुठे जोडायची त्याचं चित्र काढलंय. नकाशे काढणारणीला ते बघून हसू येईल, पण ओळखू येईल. उभ्या गाडीत काटा अठरावर हवा. तुमचं गाव उंचावर, हवा विरळ, सतरा दाखवला तरी घाबरू नकोस. सपाटीला पंचेचाळीसच्या वेगाने पंधराच्या खाली जाऊ द्यायचा नाही. चढावर बारा चालेल. दहाच्या खाली गेला तर समज, मामाने कान पिळला.

टपावरचा कॅरियर काढून टाक. टायरांत हवा टणक ठेव. आणि काचा बंद, अगदी घट्ट. काच उघडी ठेवून जाणारी गाडी म्हणजे उघडी छत्री घेऊन वाऱ्यात धावणारा माणूस. निम्मी ताकद वाऱ्याशी भांडण्यात जाते. आता थंडीही आहे, अक्काला ऊब राहील.

आवाजाचा त्रास तिला होणार नाही. गाडी पाठवण्याआधी सायलेन्सर कापून आत माझ्या पद्धतीने तारेची लोकर ठासून भरलीय. कंपनीवाले असं करत नाहीत, कारण त्यांना कान नाहीत. अक्काने मागच्या सीटवर आडवं व्हावं आणि निवांत झोपावं. माझ्या हातची गाडी कुजबुजत जाते, बोंबलत नाही.

गुरुवारी आल्यावर आकडे कळव. सगळे आकडे.

तुझा,
मामा


१३ नोव्हेंबर

ती. मामांना,
नमस्कार.

जिंकलो! परत अंगणात गाडी लावली तेव्हा टाकीत पाऊण लिटर शिल्लक होतं. कांडी बुडवून मोजलं. लिटरला दहा पूर्णांक नऊ.

आईने तुमच्या गेजचं नाव सासू ठेवलंय. मी जरा पाय दाबला की मागून आवाज येतो, "अगं, सासूचं तोंड उतरलं बघ." चढावर एक ट्रक मला ओलांडून गेला, त्यावर म्हणाली, "जाऊ दे त्याला. त्याच्या घरी सासू नसेल."

आकडे असे. उभ्या गाडीत सतरा. कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर पंचेचाळीसला पंधरा. घाटात बारा ते साडेबारा. वाटेत पुलावर पोलिसांची चौकी आहे, तिथे पेट्रोलचं कार्ड तपासतात. तिथला मिशीवाला हवालदार गेजकडे बोट करून विचारतो कसा, "बाई, हे काय, रक्तदाब का?" मी म्हटलं, "हो, गाडीचा."

आईला मात्र येताना दोनदा उलटी झाली. औषधाने होतंच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घरी येऊन ओसरीवर बसली, तासाभराने बरं वाटलं.

एक तक्रार. मागच्या दाराच्या फटीतून गार वारा येतो आणि आईचे पाय गारठतात. काय करू?

टाचणी


१६ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

दहा पूर्णांक नऊ! तुझं पत्र मी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतो आणि म्हणतो, बघा, पोरगी कागदावर नद्या वळवते आणि रस्त्यावर पेट्रोल वाचवते. मामी म्हणते, "स्वतःच्या गाडीला कधी एवढे मार्क मिळाले नाहीत वाटतं." तिचं मनावर घेऊ नकोस, मीही घेत नाही.

दाराची फट म्हणजे पेट्रोलचा चोर. जुनी चादर फाडून पट्ट्या कर आणि फटीत कोंबून टाक. वारा आत नको, ऊब बाहेर नको. अक्काला म्हणावं, उलट्यांना घाबरू नकोस, औषध कामाला लागल्याची ती खूण आहे.

आता अकरा गाठून दाखव.

मामा


२० नोव्हेंबर

ती. मामांना,
नमस्कार.

अकरा राहिले बाजूला. काल साडेदहालाही टेकले नाही. घर तीन किलोमीटरवर असताना गाडी थांबली. शेजारच्या बेकरीची पाव पोचवणारी गाडी येत होती, तिने दोर लावून ओढत आणलं. आई पावाच्या वासात घरी आली आणि त्या वासानेही तिला मळमळलं.

आकडे: उभ्या गाडीत सोळा. कालव्याच्या रस्त्यावर निघताना चौदा, पुढे बारा. घाटात नऊ. मी पाय अजिबात दाबला नाही, शपथ.

दाराला पट्ट्या कोंबल्या, वारा थांबला. आई जाताना झोपली. ह्या खेपेला मात्र उलटी जातानाच झाली, औषध चढवायच्या आधी, रुग्णालयाच्या पायऱ्यांवर. डॉक्टर म्हणाले, "शरीर धसका घेतं, माणसाला दवाखान्याचं दार दिसलं तरी उलटी होते." पण रक्त तपासून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. बाईंचं रक्त कमी आहे, अशीच अवस्था राहिली तर औषध थांबवायचा विचार करावा लागेल, म्हणाले.

पुढच्या गुरुवारी वीस लिटर पुरले पाहिजेत. माझं कुठे चुकतंय ते सांगा.

टाचणी


२३ नोव्हेंबर

चि. टाचणीस,

स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. मानलास तरी लिहितो.

काटा खोटं बोलत नाही. माणूस बोलतं. एका आठवड्यात पंधराचे बारा होतात ते पायामुळे. अक्का मागे कण्हत असेल, तुझा जीव खालीवर होत असेल आणि पाय आपोआप खाली जात असेल. मी शेकडो ड्रायव्हर बघितलेत. शपथा सगळे घेतात. एकाने तर माझ्यासमोर लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि त्याच्या बुटाचा तळ पेडलवर घासून गुळगुळीत झालेला.

तू हुशार आहेस, पण घाई तुझ्या रक्तात आहे, बापाकडून आलेली. ती घरी ठेवून जा. वेग चाळीसच्या खाली आण. गाडीला दोष देऊ नकोस. ते इंजिन मी दोनदा खोललंय आणि दोनदा बसवलंय, माझ्या कानाला त्याच्यात एक खोट ऐकू आली नव्हती.

अक्काचं औषध थांबता कामा नये. ते आता तुझ्या पायाखाली आहे.

मामा


२७ नोव्हेंबर

ती. मामांना,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. बापाकडून आलेली घाई तिला आवडली नसती.

मी घाई केली की नाही, ते तुम्हीच बघा. सोबत आलेख जोडलाय. कालव्याकाठचा रस्ता अठरा किलोमीटर सपाट आहे, वळण नाही, चढ नाही. मी वेग चाळीस धरला आणि दर दोन किलोमीटरला काटा वाचून मोठ्याने बोलत गेले. आई मागून म्हणत होती, "कुणाशी बोलतेस?" चौदा, साडेतेरा, तेरा, बारा, अकरा. पाय जागचा हलला नाही मामा. हलू नये म्हणून पायाला काडी बांधावी असा ठेवला होता. तरी काटा खाली सरकत गेला, जशी टाकी गळते तसा. शेवटी इंजिनाला दमच राहिला नाही. मी गाडी कडेला घेऊन पंधरा मिनिटं उभी केली. पुन्हा सुरू केली तर काटा पुन्हा चौदावर! आणि पुन्हा हळूहळू खाली.

पेट्रोल घराच्या चौदा किलोमीटर अलीकडे संपलं. पुढचं लिहीत नाही.

आई औषधाच्या खोलीत गेली तेव्हा तिला स्वतःचं गाव सांगता आलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आज चढवतो. पण पुढच्या गुरुवारी ह्या अवस्थेत आल्या तर मी सुई लावणार नाही. औषधाने माणूस मारायचा नसतो." म्हणजे तीनांवर सगळं संपेल. मग ती गाठ आहे आणि आम्ही आहोत.

मलाही हल्ली गुरुवारी डोकं फुटेल असं दुखतं. घरी आल्यावर दोन तास काळोख करून पडते. तुम्हाला सांगणार नव्हते. काल गाडी चालवता चालवता कालव्याचं पाणी दोन-दोन दिसायला लागलं. वैतागाने होत असेल.

आता मी तुमचं शब्दशः ऐकणार आहे, म्हणजे तुम्हाला म्हणायला जागा उरणार नाही. येत्या गुरुवारी नऊला निघेन, पस्तीसच्या वर जाणार नाही, तीन तास लागले तरी चालतील. काचांच्या कडांना आतून चिकटपट्टी लावणार आहे, चारही बाजूंनी. वाऱ्याचा एक श्वास आत येणार नाही.

टाचणी


तार
३ डिसेंबर, सकाळी ९.५०

गाडी चालवू नको. काचा उघड. अक्काला बाहेर काढ. मामा


३ डिसेंबर, पोस्ट ऑफिसच्या बाकावरून

टाचणी,

हे पत्र तुला कधी मिळेल आणि तेव्हा काय झालेलं असेल, मला माहीत नाही. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहितोय.

तुझं पत्र सहा दिवस कुठे लोळत होतं देव जाणे. आज साडेनऊला पोस्टमनने हातात दिलं. मी गाडीखाली होतो, उताणाच वाचायला लागलो. तुझ्या डोकेदुखीच्या ओळीवर आलो आणि पुढे वाचवेना. रोग तिला, औषध तिला, मग डोकं तुझं का दुखतं?

मग आलेख पाहिला. पोरी, असा काटा मी जन्मात दोनदा पाहिलाय. पाय स्थिर, रस्ता सपाट, काटा हळूहळू खाली, आणि विसावा दिला की पुन्हा वर. ह्याचा पायाशी संबंध नसतो. इंजिनाचा मागचा गळा बुजलेला असतो. धूर बाहेर पडायला वाट नसते, तो मागे साचतो आणि इंजिन स्वतःच्याच धुरात गुदमरतं. वाट बुजवली कुणी? मी. तारेची लोकर सुटून तोंडाशी जाऊन बसली असणार. मग धूर अलीकडचा सांधा फोडून निघतो. तो सांधा कुठे आहे माहीत आहे? मागच्या सीटच्या खाली. तिथला पत्रा गंजलेला आहे हे मी गाडी देताना पाहिलं होतं. वरून रंग मारला.

आणि काचा बंद करायला मी सांगितलं. फटी बुजवायला मी सांगितलं. उलट्या ही खूण म्हणालो. तुझ्या पायाला नावं ठेवली. काटा दोन आठवडे ओरडत होता आणि मी तुला ओरडत होतो.

१०.०५. तुझ्या कचेरीचा ट्रंक कॉल लागला. शिपाई म्हणाला, "ताई आज रजेवर, गुरुवार ना. नऊला गाडी जाताना पाहिली." वर हसून म्हणतो, "काचांना पट्ट्या लावून बंदोबस्तात चालल्या होत्या."

१०.२०. रुग्णालयाची लाईन मिळत नाही. काउंटरवरची बाई दर दोन मिनिटांनी फिरवतेय. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रुग्णालयात पोचल्यावर कळून काय उपयोग? वाटेत कुठे फोन आहे का?" माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मग तुझी मिशी आठवली, पुलावरची. तिने तालुक्याला फिरवलं, तालुक्याने ठाण्याला, ठाण्याने चौकीला. मी मनात हिशेब करतोय. नऊला निघालीस, वेग पस्तीस, पूल साठ किलोमीटरवर. पावणेअकराच्या आसपास तू पुलावर. पोचलीस तर.

१०.४०. चौकी लागली. मी ओरडलो, "करडी गाडी, बाई चालवतेय, थांबवा, दारं उघडा, मागे म्हातारी आहे तिला हवेत काढा!" पलीकडून आवाज आला, "करडी? ती रक्तदाबवाली? अजून आलेली नाही." आणि लाईन कटली.

अजून आलेली नाही. पस्तीसने यायला हवी होती एवढ्यात.

११.१०. पुन्हा लागत नाही. बाई म्हणते, तिकडची तारच गेली. बाजारातून भाज्यांचा एक ट्रक तुमच्या बाजूला निघतोय, भाजीवाल्यांना पेट्रोल मिळतं. ड्रायव्हर माझा जुना गिऱ्हाईक आहे. मी जातोय. हे पत्र बाईंच्या हातात देतोय. मामीला निरोप नाही, तीच पोस्टात आलीय, पिशवीत माझे पाने आणि करवत घेऊन. मला ट्रककडे ढकलतेय.


७ डिसेंबर

ती. मामांना,
नमस्कार.

आई जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण तुम्ही रुग्णालयात न येताच परत गेलात, तेव्हा नक्की काय ऐकून गेलात ते मला ठाऊक नाही.

त्या दिवशी मला उशीर झाला, कारण वाटेत दोनदा काटा खाली आला म्हणून मी थांबून विसावा घेतला. एकदाही दार उघडलं नाही. ऊब जाईल म्हणून. पुलावर हवालदार रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा होता. मी ब्रेक दाबला. तो खिडकीवर थापा मारत होता, "काच खाली घ्या!" आणि मी आतून त्याला समजावत होते, की पट्टी लावलीय, काच उघडली तर पेट्रोल जास्त लागतं. मामा, मी त्याला नीट, सावकाश समजावत होते. दोन मिनिटं तरी. मला वाटत होतं मी फार शहाण्यासारखं बोलतेय. नंतर तो म्हणाला, माझे शब्द दारूड्यासारखे येत होते.

मग तो म्हणाला, "बाई, मागे बघा."

आई झोपली होती. आज उलटी नाही, कण्हणं नाही, म्हणून मी वाटभर खूश होते. त्याने दंडुक्याने मागची काच फोडली, दार उघडलं आणि आईला उचलून पुलाच्या कठड्याशी निजवलं. मी उतरायला गेले तर पाय नव्हतेच, गुडघ्यावर पडले. ती हाकेला ओ देईना. मी तिच्या तळव्यांना घासत होते आणि वारा भणाणत होता, आणि मला सारखं वाटत होतं, अरे, हा एवढा सगळा वारा फुकट होता.

पाच-सात मिनिटांनी तिने डोळे उघडले. हवालदाराच्या मिशा अगदी तोंडावर होत्या. ती म्हणाली, "हे कोण?"

चौकीच्या जीपने रुग्णालयात नेलं. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना हवालदारानेच फोनचं सांगितलं. त्यांनी आईचे आधीचे कागद पुन्हा उलटून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे तीन आठवडे मी औषधाला दोष देत होतो." शनिवारी रक्त तपासून त्यांनी चौथं औषध चढवलं. उलटी झाली नाही. खंड पडला असं धरणार नाहीत, पाचवं येत्या गुरुवारीच.

हवालदाराने मला सांगितलं, की शुक्रवारी दुपारी तुम्ही भाज्यांच्या ट्रकमधून उतरलात, चौकीसमोर गाडीखाली शिरलात, सायलेन्सर कापून काढला, साधा नवा बसवला, सांधा बदलला, पत्र्याला पत्रा मारला, फोडलेल्या काचेच्या जागी दुसरी बसवलीत. कापलेल्या सायलेन्सरमधून काढलेला लोकरीचा बोळा हातात धरून कठड्यावर बसून होतात. तो म्हणाला, "रुग्णालय इथून पंचेचाळीस किलोमीटर, जीप जातेय, चला." तुम्ही त्याच्याकडे किल्ली दिलीत आणि उलट्या दिशेच्या ट्रकमध्ये चढलात.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते. रागावलेली आहे. पण काचा बंद करा म्हणालात ह्याच्यासाठी नाही.

टाचणी


१० डिसेंबर

चि. टाचणीस,

तुझं पत्र मिळालं. अक्का बरी, हे वाचलं. बाकीचं मामीने वाचलं.

गॅरेज आठवडाभर बंद ठेवलंय. गिऱ्हाइकांची कामं पलीकडच्या मिस्त्रीकडे दिली. पोरगा नवखा आहे, पण हातात सूचनापुस्तक धरून काम करतो. पूर्वी मी त्याला हसायचो.

गाडी आता ठीक आहे, तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तुमच्या गावातल्या मिस्त्रीला खाली शिरून बघायला सांग. काचा उघड्या ठेव, पेट्रोल कमी पडलं तर पडू दे. अक्कासमोर यायला मला तोंड नाही. तिने मला शाळेच्या वयात सांभाळलं, स्वतःचं ताट अर्धं करून. तिला मी धुरात निजवलं आणि वर म्हणालो, निवांत झोप.

तिला नमस्कार सांग. किंवा राहू दे.

मामा


१२ डिसेंबर

चि. बाबल्या,
आशीर्वाद.

लेक लिहून देते म्हणाली, पण मी म्हटलं, हे मीच लिहिणार. अक्षर वाकडं आलं तर लाव तो चष्मा.

परवाचा गुरुवार नीट पार पडला. काचा उघड्या, आम्ही दोघी दोन-दोन रजया पांघरून, गाडी साध्या गाडीसारखी आवाज करत. काटा सपाटीला पंधरावर खिळलेला होता. घरी आलो तेव्हा टाकीत अर्धा लिटर उरलं होतं. उलटी नाही. मी पुलावर थांबून त्या हवालदाराला हातमोजे दिले विणलेले. त्याने काचेकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, परत काच फोडू का?" वात्रट आहे, पण चांगला आहे.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. मला पहिल्या गुरुवारीच वास आला होता. धुराचा म्हणतात तसा नाही, तापल्या तव्यासारखा, गोडसर. सीटखालून यायचा. दुसऱ्या गुरुवारी जास्त आला. पोरीने एकदा विचारलं, "आई, तुला कसला वास येतो का गं?" मी नाही म्हटलं.

का म्हटलं? गाडी तुझ्या हातची. तू ती दारात पाठवलीस तेव्हा गल्लीभर सांगितलं होतं मी, माझ्या भावाने बनवलीय. आठवीत शाळा सुटलेला भाऊ, आणि इंजिन खोलतो, बसवतो. त्या गाडीला नाव कसं ठेवायचं? पोरीने तुला कळवलं असतं, तू कष्टी झाला असतास. म्हटलं, येईना का वास, सहाच तर गुरुवार आहेत. तोंडाला पदर लावून पडले. पुढे बसलेली माझी लेकही तोच वास घेतेय, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तुझी चूक तुला माहीत नव्हती. माझी मला माहीत होती. म्हणून तू एकट्याने तोंड लपवून बसायचं कारण नाही. लपवायचं असेल तर दोघं मिळून लपवू.

शेवटचा गुरुवार सतरा तारखेला. पोरीला कचेरीत एवढ्या रजा झाल्या, की साहेब टोचायला लागलेत. तिला मी सांगितलंय, ह्या खेपेला तू जाऊ नकोस. गाडी तू चालवायचीस. गावातला मिस्त्री खाली शिरून बघून गेला, ठीक आहे म्हणाला. तरी तू आल्यावर पुन्हा शीर, मी बाहेर उभी राहून बघेन. मी मागे झोपणार नाही, पुढे बसणार आहे, आणि कसलाही वास आला, खुट्ट वाजलं, तुझा पाय जड वाटला, की तिथल्या तिथे बोलणार आहे. जाऊन-येऊन पाच तास. तुला ऐकून घ्यावं लागेल.

बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. मामीलाही आण, मागची सीट रिकामी आहे. येताना जाड पायमोजे घेऊन ये, काचा उघड्या असतात, गारठा फार लागतो.

तुझी,
अक्का